बापूंच्या घरचं पावणं

आमच्या कट्ट्यावर जुनेच किस्से फिरायचे. तीन म्हातारी माणसं रोज सकाळी रंकाळ्यावर फेरी मारून चहाला बसली की नवीन सांगायला उरतं काय? फार तर शुगर वाढली, नाहीतर शेजाऱ्यानं गाडी आडवी लावली. मग तोच तीस वर्षांपूर्वीचा किस्सा, दर वेळी थोडा मसाला वाढवून! पण यंदा बापूंनी एकाहत्तराव्या वर्षी कुत्र्याचं पिल्लू आणलं, आणि आता सांगायला सकाळ पुरत नाही.

बापू म्हणजे साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी काढलेला माणूस. दुसरे रफिकभाई, टेलर. सत्तरीला आले तरी रोज मशीनवर बसतात. तिसरा मी, गणिताचा निवृत्त मास्तर, म्हणून दोघंही मला ‘सर’ म्हणतात. बापूंच्या मंडळी, म्हणजे आमच्या वैनी, कट्ट्यावर येत नाहीत. पण त्यांच्याशिवाय एकही किस्सा पुरा होत नाही.

*

आजऱ्याला बापूंच्या भाच्याचा काजूचा छोटा कारखाना आहे. उन्हाळ्यात बापू तिकडं गेले होते. शेडमधल्या कुत्रीला चार पिल्लं झालेली. त्यातलं एक बापूंच्या पायावर येऊन झोपलं.

“आता पाय काढायचा कसा? म्हणून घेऊन आलो,” बापू म्हणाले. एवढंच कारण!

आणलं कसं, तर कापडी पिशवीत घालून, एसटीनं. कंडक्टरनं विचारलं, “पावणं, पिशवीत काय हाय?”

“काजू.”

कंडक्टर तिकीट फाडून पुढं गेला. गारगोटी आली आणि पिशवीतून धार लागली. बापूंच्या धोतरावरून सीटखाली, सीटखालून थेट कंडक्टरच्या बुटापर्यंत! त्यानं बूट बघितला, पिशवी बघितली, मग बापूंकडं बघितलं.

“ओलं काजू हाईत व्हय! आधी सांगायचं की ओ!”

*

दारात वैनी उभ्या. “ह्ये काय?”

“पावणं हाय. चार दिवस ऱ्हाईल.”

“चारच! पाचव्या दिवशी मी हाकलणार.”

पाचवा दिवस आला नि गेला, पण पिल्लाचं नाव ‘पावणं’ पडलं ते पडलंच. पुण्याहून लेकीनं फोनवर चार-पाच इंग्रजी नावं सुचवली. पिल्लानं एकालाही कान हलवला नाही.

पण आमच्याकडं रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही ‘पावणं’ म्हणूनच हाक मारतात. तिथं घोटाळा! एकदा फिरताना बापू मागून ओरडले, “पावणं! खांब दिसला की पाय वर करायचा न्हाई!”

पुढं एक सभ्य गृहस्थ खांबाच्या कट्ट्यावर पाय ठेवून उभे होते. त्यांनी झटकन पाय खाली घेतला.

“अहो, बुटाची लेस बांधत होतो!”

*

त्याहून मोठा घोटाळा घरी झाला. लेकीचे सासू-सासरे न कळवता आले. व्याही दारात चपला काढत होते. पहिली निघाली होती, दुसरी काढायला वाकले होते. तेवढ्यात स्वयंपाकघरातून वैनींचा आवाज आला, “अहो, पावण्यानं परत चप्पल पळवली काय बघा! पळवली असली तर द्या एक कमरेत!”

व्याह्यांनी हातातली चप्पल हळूच खाली ठेवली. विहीणबाईंना म्हणाले, “आपण फोन करून यायला पाहिजे होतं.”

*

लसीकरणाला बापू, वैनी आणि पावणं, तिघं गेले. डॉक्टरीणबाई तरुण. कागद भरायला लागल्या.

“वय?”

“एकाहत्तर.”

“कुत्र्याचं, आजोबा!”

“मग तसं इचारा की!”

बाईंनी सगळं समजावून सांगितलं. सकाळ-संध्याकाळ चालवायचं. साखर नाही, मीठ नाही, तळलेलं अजिबात नाही. जेवण वेळच्या वेळी. बापूंनी मान डोलावली. वैनी पुढं सरकल्या.

“डॉक्टर, ह्येच आनखी एका कागदावर लिहून द्या,” त्या म्हणाल्या. “नाव मी घालतो.”

*

रफिकभाईंनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, “लाड करायला माझी ना न्हाई. पण लांबनं! ह्याच कपड्यावर मला नमाजाला जायचं असतंय.” आणि पिल्लाला जीव लावायला सगळ्या कट्ट्यावर हेच सापडले! भाई बाकाच्या या टोकाला, तर पिल्लू त्या टोकावरून डोळे लावून बसणार.

पावसाळा लागला. पिल्लू रोज भिजायचं. एक दिवस भाई आपणहून म्हणाले, “रेनकोट शिवतो. सर, टेप तुम्ही धरा. आकडे मी लिहितो.”

मी टेप धरली. भाई चार हातांवर वही घेऊन उभे.

“छाती किती?”

“अठरापर्यंत दिसतंय भाई. पुढची टेप त्यानं खाल्ली.”

तरी कोट झाला. अंगात झकास बसला. आणि वर चक्क खिसा!

“भाई, कुत्र्याला खिसा कशाला?” मी विचारलं.

“पन्नास वर्षांत बिनखिशाचं गिऱ्हाईक केलं न्हाई, सर. आता कशाला सवय मोडू?”

*

आता पुढचं जे झालं, ते माझ्यामुळं झालं.

दसऱ्याच्या आसपासची गोष्ट. चहा पिताना कुणीतरी विचारलं, असली कुत्री किती वर्षं जगतात? बापू म्हणाले, “डॉक्टरीणबाई म्हणाली, चौदा तरी.”

मास्तरला बेरीज दिसली की करून टाकायची खोड असते. माझ्या तोंडातून गेलं, “म्हणजे तुम्ही पंच्याऐंशी!”

बापूंनी कप खाली ठेवला. चहा तसाच राहिला. थोड्या वेळानं ‘येतो’ म्हणाले आणि पिल्लाला घेऊन निघून गेले.

रफिकभाई माझ्याकडं बघत म्हणाले, “बेरीज बरोबर हाय सर. बोलायची गरज नव्हती.”

चार दिवस बापू कट्ट्यावर आले नाहीत. पाचव्या दिवशी मीच त्यांच्या घरी गेलो. म्हणाले, “पावण्याला आजऱ्याला सोडून येतो. भाचा माल घेऊन आलाय, त्याच्या गाडीतनं जायचं. येताना एसटी. तुम्ही पण चला.”

“बापू, मी सहज बोललो हो!”

“खरं तेच बोललासा. ह्ये दहा वर्षांचं हुईल, आणि आम्ही दोघं कुठं असू? कुणाच्या दारात बसंल ते? लेकीचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर.”

मी वैनींकडं बघितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “न्या की. मी कवा म्हणलोतो आणा म्हणून?”

आम्ही गेलो. बापूंनी भाच्याला अर्धा तास समजावलं. साखर नाही, मीठ नाही, सकाळ-संध्याकाळ चालवायचं. भाचा हो-हो म्हणत होता. पावणं मात्र शेडमागं कोंबड्यांच्या पाठी लागलं होतं. आम्ही निघालो तेव्हा त्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही.

“बघा,” बापू म्हणाले, “इसरलं पण!” आणि हसले. तसलं हसणं बघण्यापेक्षा माणूस रडलेला परवडला.

परतीच्या एसटीत बसलो. मी खिडकीतून उसाचे फड बघत होतो. अर्ध्या वाटेवर बापूंनी घड्याळ बघितलं.

“आत्ता त्याची फिरायची वेळ.”

कोल्हापूर येईपर्यंत एवढंच एक वाक्य बोलले.

त्यांना एकटं सोडवेना, म्हणून मी घरापर्यंत गेलो. दिवेलागणीची वेळ. दार आतून बंद. बापूंनी कडी वाजवली.

“कोण?” वैनींचा आवाज.

“मी.”

“एकटंच आलासा?”

“न्हाई, सर हाईत की संगट.”

“सरांना त्यांचं घर हाय.”

बापूंनी माझ्याकडं बघितलं. मी माझ्या बुटांकडं बघितलं. पुन्हा कडी वाजवली.

“अगं, दार उघड की! तूच म्हणालीस न्या म्हणून!”

 आतून भांडं पुसून ठेवल्याचा आवाज आला, तेवढाच. बापू पायरीवर बसले. त्यांच्या शेजारी मीही बसलो. समोरून एक-दोघं गेले, त्यांनी ‘काय बापू, बसलासा?’ म्हणून विचारलं. बापू म्हणाले, “व्हय, वारं खातोय.”

मग ते दाराकडं तोंड न वळवताच म्हणाले, “आणि उद्या आम्हा दोघांचं काय बरं-वाईट झालं तर? मग त्यानं काय करायचं?”

 दाराच्या अगदी मागून, कडीला हात लावून बोलावं तसा आवाज आला.

“आजऱ्याची पहिली गाडी सव्वासहाला हाय. भाकरी बांधून ठेवलीया. सरांची पण.”