जिनतच्या यादीतली शेवटची ओळ

आमच्या घाटनांदुरात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारे चार-पाच जण असतील, पण विहिरीत उतरणारा एकच, रहीम मिस्त्री. त्याच्या दुकानात पान्यांच्या फळीशेजारी एक कागद चिकटवलेला आहे. तो त्याच्या लेकीचा, जिनतचा. अंबाजोगाईला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या या पोरीला अंतराळात जायचंय.

कागदावर यादी आहे. विज्ञानाची नाहीतर इंजिनिअरिंगची पदवी. साफ नजर, धडधाकट काळीज. पोहणं. एवढ्याशा जागेत महिनोन्‌महिने माणसांशी जुळवून राहणं. काही बिघडलं तर खालच्या लोकांना शांतपणे, नेमकं सांगणं. आपल्याकडं पहिली निवड हवाई दलाच्या वैमानिकांतून झाली, हेही तिनं प्रामाणिकपणे लिहिलंय. शेवटची ओळ मात्र तिनं मनानंच घातली होती: न घाबरणं. जमलेल्या ओळींपुढं बरोबरची खूण होती, हिच्यापुढं नव्हती. कॉलेजातल्या लिफ्टचं दार मिटलं तरी तिचे तळहात ओले होत.

यंदा मार्चात सटवा धनगराची मोटर अडकली. त्याची विहीर दोन वर्षं फरशांनी झाकलेली. मेंढरं तहानलेली. जिनत सुट्टीला आलेली, म्हणून दोरावर तिला घेतलं.

रहीमचा बाप विहिरीत आधी पेटता कंदील सोडायचा. तो विझला की खालची हवा मेलेली, माणूस उतरत नसे. पण हल्ली रॉकेल कुठं मिळतं? सटवानं मोबाईलची बॅटरी लावून बादलीत ठेवली आणि सोडली. तळ लख्ख दिसला. रहीमही ठीक म्हणाला. बादली खाली जाताना जिनतला भीती वाटली, पण ही आपली नेहमीचीच, असं समजून ती गप्प राहिली.

रहीम कमरेला दोर बांधून उतरला. दोराला परसा-परसावर, म्हणजे पुरुषभर अंतरावर, गाठ. प्रत्येक परसाला तो खालून आकडा सांगे आणि जिनतच्या हातातून एक गाठ सरके. पाच. सहा. मग बराच वेळ काही नाही. आठवी गाठ सरकली, तेव्हा आवाज आला, "सहा."

"अब्बा, किती?"

"सहा," तो झोपेत हसल्यासारखा म्हणाला.

सटवा आपणच उतरून बघतो म्हणत चपला काढू लागला.

"न्हाई, सटवाकाका. आठ गाठी गेल्यात, अब्बा सहा म्हणतायत. खाली हवा न्हाई. ओढा."

सटवा, त्याची बायको सारजाबाई आणि जिनत, तिघांनी ओढलं. रहीम वर आला तो मान टाकून, ओठ निळे. मेंढरांमध्ये त्याला आडवा केला. किती वेळ गेला, ते जिनतला आजही सांगता येत नाही. मग तो ओकला, डोळे उघडले आणि सटवाला म्हणाला, "काहून ओढलं बे?"

सारजाबाईनं तेलाचा दिवा आणला. तो सातव्या गाठीला विझला. बॅटरी मात्र तळापर्यंत जळत राहिली होती.

परतताना जिनतनं कबूल केलं, की बॅटरी सोडली तेव्हाच तिला भ्या वाटलं होतं.

"मग तवाच बोलायचं, बेटा," रहीम म्हणाला.

दोन दिवसांनी कागदावरची शेवटची ओळ खोडलेली होती. खाली रहीमच्या ग्रीस लागलेल्या पेन्सिलीनं लिहिलेलं: भ्या वाटलं की तवाच बोलणं.

लिफ्टमध्ये जिनतचे तळहात अजून ओले होतात. त्या ओळीपुढं खूण तिनं अजून केलेली नाही.