कानवाला नजीर आणि विठ्ठलरावांची मशीन

पांढरकवड्याच्या जुन्या रस्त्यावर नजीरचं हवा-पंक्चरचं दुकान आहे. दुकान म्हणजे वर चार पत्रे, खाली एक कॉम्प्रेसर आणि मागं दोन खोल्यांचं घर. घरात त्याची बायको फरीदा, आणि फरीदाच्या जिभेला धार लावायला दगडाची गरज नाही. पण या नवराबायकोत जास्त तिखट कोण, यावर गावात अजून एकमत नाही.

पत्र्यावर निळ्या रंगात लिहिलेलं आहे, "कान से हवा पहचाननेवाले नजीरभाई". हे त्यानं स्वतःच लिहवून घेतलं, चाळीस वर्षांपूर्वी, ऐन जवानीत. आणि खोटं नव्हतं ते. ट्रकच्या मागच्या चाकाला दोन टायर जोडीनं असतात. बाहेरचा दिसतो, आतला दिसत नाही. तो बसलाय की धड आहे, हे कळायला ड्रायव्हर लोक टॉमीनं, म्हणजे टायर काढायच्या लोखंडी कांबीनं, ठोकून पाहतात. टण्ण वाजला तर ठीक, धप्प वाजला तर उतरा खाली. इतकं कुणालाही जमतं. नजीर मात्र ठोकायचा, डोळे मिटून कान लावायचा आणि आकडा सांगायचा. शंभर. एकशे दहा. हवा मोजायचं घड्याळ लावून पाहावं तर एकाचासुद्धा फरक नाही. हैदराबादकडं जाणारे ड्रायव्हर मुद्दाम बाकीची दुकानं सोडून इथं थांबायचे, ते या कानासाठी.

आता ऐका. तो कान सहा वर्षांपूर्वीच गेला.

एका ट्रकच्या चाकाची रिंग हवा भरता भरता उडाली. माणूस वाचला, डावा कान गेला. उजवा आपला भावाच्या दुःखानं झुरावा तसा दोन वर्षांत मागोमाग गेला. ही गोष्ट फरीदाला ठाऊक आणि नजीरला. तिसऱ्याला नाही. कशी असेल? रस्त्यावर ट्रक घरघरत असतात, तिथं सगळेच ओरडून बोलतात आणि अर्धं बोलणं कुणालाच ऐकू येत नाही. तेलुगू ड्रायव्हरांशी तर बोटांनीच कारभार, कान हवेत कशाला? बाकीच्यांचे ओठ तो वाचायचा. आणि ओठ वाचायची पाळीच येऊ नये म्हणून स्वतःच अखंड बोलायचा. बोलणाऱ्याला कोण काय विचारणार?

आणि टायरचं काय, म्हणाल, तर ते त्याला मनगटात कळायचं. टॉमी आपटली की जो झणका हातात चढतो, त्यावरून. खरं म्हणजे आधीपासून मनगटातच कळत असावं, कान लावणं हा निव्वळ थाट. पण पाटीवर "हाथ से" लिहिलं असतं तर त्याचं काही बिघडलं नसतं. लिहिलं कान. आता कान नाही म्हणावं, तर पाटी खोटी, माणूस खोटा, आणि पूनमसिंगचे आठ ट्रक गेले. पूनमसिंग कापसाच्या गाठींची वाहतूक करतो. हंगामात त्याचा एकेक ट्रक भरून निघण्याआधी नजीरच्या दारात उभा राहतो. गावाबाहेरून बायपास झाल्यापासून बाकी गिऱ्हाईक सायकली आणि स्कुट्यांचं. नजीरची चूल पूनमसिंगच्या आठ ट्रकांवर पेटते, हे गाव जाणून होतं. नजीरही.

म्हणून तो दोन प्रकारच्या माणसांना भ्यायचा. एक, तोंडात खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, धरून बोलणारे, कारण गालात खर्रा असला की ओठ काहीच सांगत नाहीत. आणि आपल्या जिल्ह्यात खर्रा नसलेलं तोंड शोधायला कंदील लागतो. दुसरे, मिशावाले. विठ्ठलरावांच्या मिशा म्हणजे तर घराच्या ओसरीवर उतरलेलं छप्पर, खाली ओठ आहेत की नाहीत कोण जाणे. ते दिसले की नजीर त्यांना बोलूच द्यायचा नाही, आधीच तोंड सोडायचा.

तसंच एकदा सोडलं. विठ्ठलरावांच्या अमरनं, पुण्याला नोकरी लागल्यावर, बापाला पांढरी गाडी घेऊन दिली. कापूस-तुरीच्या शेतकऱ्याच्या दारात पहिली चारचाकी! विठ्ठलराव बायकोला, अंगानं भरलेल्या इंदुताईंना, शेजारी बसवून, गाडीला झेंडूचा हार घालून, हवा पाहायला नजीरकडं आले. नजीरनं टायर ठोकला, कान लावला, आणि समोरच्या लखीरामच्या चहाच्या टपरीवरचे दहाबारा जण ऐकतील असा म्हणाला, "विठ्ठलराव, अगोदर ताईले खाली उतरवा. मंग सांगतो हवा किती अन् ताई किती."

टपरी लोळली. इंदुताई उतरल्या नाहीत. घरी जाऊन दोन दिवस जेवल्या नाहीत, आणि पुढं तीन वर्षं बाजाराला आल्या नाहीत. विठ्ठलरावांना मात्र यावं लागायचं, आणि ते आले की टपरीवरून कुणीतरी विचारायचंच, "भाऊ, आज हवा किती?" नजीर हे सगळं विसरून गेला. टोमणा मारणारा विसरतोच.

मग यंदा दिवाळीला अमरनं बापाला हवा भरायची मशीन धाडली. चपलेच्या खोक्याएवढी वस्तू. गाडीत सिगारेट पेटवायला एक भोक असतं, त्यात तिची वायर खुपसायची, नळी टायरला लावायची, पाहिजे तो आकडा तिच्यावरच्या आकड्यांच्या पाटीवर आणायचा आणि बटण दाबायचं. हवा भरली की आपोआप बंद. विठ्ठलरावांनी ती घरी वापरली नाही. गाडी काढून थेट नजीरच्या दुकानापाशी आणली, लखीरामच्या टपरीसमोर उभी केली आणि सुरू केली. तिचा आवाज असा, की डब्यात शंभर गांधीलमाश्या कोंडून डबा हलवावा. रस्त्यावरच्या शेळ्या उधळल्या. लखीरामच्या हातून चहाचा गाळ थेट दुधात गेला.

"कायले कान फाडून राह्यले भाऊ?" तो ओरडला.

नजीर तीन हातांवर, पाठमोरा, ट्यूब घासत बसला होता. त्याची मान हलली नाही.

विठ्ठलरावांनी बटण बंद केलं. पुन्हा लावलं. बंद केलं. गावातलं कुत्रं शिंकलं तरी त्यावर दोन शब्द बोलणारा नजीर, आपल्या धंद्याच्या मुळावर आलेल्या मशीनला एक शिवी देत नाही? विठ्ठलरावांनी लखीरामकडं पाहिलं, लखीरामनं विठ्ठलरावांकडं. विहिरीला पाणी लागलं की खणणारे असेच एकमेकांकडं पाहतात.

चहावाल्याच्या पोटात गोष्ट किती टिकते? दुसऱ्या दिवशी टपरीवर खेळ सुरू झाला. लोक नजीरसमोर खर्रा चघळत उभे राहायचे, हसतमुखानं त्याच्या सात पिढ्या उद्धारायचे, आणि तो "बरोबर हाय भाऊ, बरोबर हाय" म्हणून मान डोलवायचा. रामधन शिंप्यानं तर त्याला "चाचा, तुमची मयत कधी?" असं अदबीनं विचारलं. नजीर म्हणाला, "शुक्रवारी, नमाजानंतर या." रामधन हसून हसून उलटा व्हायचा राहिला.

फरीदाला दोन दिवसांत कळलं. तिनं दाराआडून ऐकलं होतं. पण नवऱ्याला सांगितलं नाही. ना बेटा, ना पोरगी, या माणसाजवळ एवढाच एक डौल होता. तिला वाटलं, चार दिवस हसतील आणि दमतील.

विठ्ठलराव दमणारे नव्हते. बाजाराच्या दिवशी त्यांनी गाडी आणली, चारही टायरांत हवा कमीजास्त करून. पूनमसिंगलाही मुद्दाम बोलावून घेतलं. आणि एक कागद नजीरच्या हातात दिला. बोलले नाहीत, कागदच दिला. त्यावर लिहिलं होतं, 'तुझा कान आणि माझी मशीन. चार टायर. होऊन जाऊ दे.'

नजीरनं कागद दोनदा वाचला. बोलायचं सोडून लिहून का दिलं? पण समोर साठसत्तर माणसं. नाही म्हटलं तर का नाही, हा प्रश्न येणार. आणि मनगटावर त्याचा भरवसा होता. टॉमी उचलून तो म्हणाला, "मशीनले सांगून ठेवा विठ्ठलराव, रडू नोको म्हणा!"

पहिला टायर ठोकला. डोळे मिटले, कान लावला. "अठ्ठावीस." मशीनची नळी लावली. पाटीवर अठ्ठावीस.

दुसरा. "तेहतीस." तेहतीस.

तिसऱ्याला त्यानं टॉमी दोनदा आपटली. "चोवीस. ह्यो टायर उपाशी हाय, मालकासारखा." चोवीस! पूनमसिंगनं मांडीवर थाप मारली. नजीरनं ती पाहिली, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्याचा ऊर भरून आला. मनात म्हणाला, संपलं, जिंकलो, आता कुणाची बिशाद नाही.

चौथ्याला तो थाटात बसला. टोपी सरळ केली, टॉमी आपटली, डोळे मिटून टायरला कान लावला. विठ्ठलरावांनी इकडं नळी काढून घेतली, मशीन उचलली, नजीरच्या दुसऱ्या कानापासून दोन बोटांच्या अंतरावर धरली आणि बटण दाबलं.

घर्रर्र आवाजानं पुढच्या रांगेतल्या बायकांनी कानात बोटं घातली. नजीर हलला नाही. उलट, चेहरा एखाद्या मोठ्या गवयासारखा गंभीर करून, त्यानं एक बोट वर केलं. गप्प बसा, म्हणून. ऐकू द्या!

साठसत्तर माणसं एकदम फुटली. कुणी जमिनीवर बसलं, कुणी दुसऱ्याच्या खांद्यावर पडलं. विठ्ठलरावांच्या मिशा ओल्या झाल्या. तोवर मशीन बंद करून त्यांनी मागं लपवली होती. नजीरनं डोळे उघडले, हसणारी तोंडं पाहिली. त्याला वाटलं, विठ्ठलरावांची फजिती झाली म्हणून हसतात. तोही हसला. चांगला खदखदून हसला.

"एकतीस!" तो ओरडला.

एकतीसच होती. पण मशीन लावून कुणी पाहिलंच नाही.

गर्दी पांगली. पूनमसिंग तेवढा मागं राहिला. भला माणूस, लहानपणापासून नजीरला चाचा म्हणणारा. गालात खर्रा, मान खाली, तोंडापुढं हात. तसाच तो पुटपुटला, "चाचा, तुमची हवा खरी हाय, मले कळते. पण ड्रायव्हर लोक आता नाही मानत. हसून राह्यले. उद्यापासून गाड्या बायपासवर दाखवतो. माफी करजा."

नजीरला फक्त हात दिसला आणि खाली गेलेली मान. जिंकलेल्या माणसापुढं मान खालीच जाते; उद्या गाड्या आणतो म्हणत असेल. त्यानं पूनमसिंगच्या पाठीवर धपकन थाप मारली. "अरे जरूर बेटा, जरूर! सकाळी सकाळीच कर!"

पूनमसिंगनं एकदा वर पाहिलं आणि मोटरसायकलला लाथ मारून तो गेला.

फरीदा दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"काय म्हणे पूनम?" नजीरनं विचारलं. त्याचा चेहरा अजून हसरा होता.

तिनं त्याला आपल्यासमोर वळवलं, आणि आवाज न काढता, एकेक शब्द ओठांवर ठेवून सांगितलं.

तिचे ओठ तो पस्तीस वर्षं पाहत होता. त्याला पहिल्याच खेपेला कळलं. तरी म्हणाला, "काय? नीट सांग ना."

तिनं पुन्हा सांगितलं.

"तोंडात काय धरलं हाय तू? काही समजून नाही राह्यलं."

तिसऱ्या खेपेला फरीदाचा बांध फुटला. ती बेंबीच्या देठापासून ओरडली, "ट्रक गेले! पूनमचे ट्रक गेले! साऱ्या गावाले मालूम हाय तू बहिरा हायस!"

समोर टपरीवर पाच-सहा जण अजून चहा पीत होते. विठ्ठलराव उठून उभे राहिले, हातात मशीन तशीच. "भाभी," ते म्हणाले, "इतक्या हळू बोलून त्याले नाही समजणार. मी येऊन सांगू काय?"

नजीरनं बायकोच्या खांद्यावरून समोर पाहिलं. मिशीखालचे ओठ त्याला नेहमीप्रमाणं दिसलेच नाहीत. बाकीच्यांचे दात मात्र दिसले, सगळ्यांचे.