दिवाळीआधी परत केलेली पाकिटं

नळीतलं पाणी पिवळं झालं आणि माझ्यापुढचा प्रश्न आणखी वाढला. वांगणीच्या एका पाड्यावरची विहीर, जानेवारीतली सकाळ. विहिरीच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकून आम्ही रंग बघतो. या तपासणीला ओटी टेस्ट म्हणतात. पिवळा रंग आला म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे. तरीही पाड्यावर पाच मुलांना जुलाब होत होते.

मी आरोग्यसेवक होतो. डॉक्टरांना फोन लावला.

"अजून टीसीएल टाका," ते म्हणाले. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर.

"सर, रंग पिवळा आलाय."

"मग पाइप कुठे फुटलाय ते बघा."

पाड्यावर पाइपच नव्हता. मी फोन ठेवला.

तोवर उपकेंद्राची नर्स सुनंदा घरोघर फिरून आली. ती माझी बायको. कामावर मी तिला सिस्टरच म्हणत असे. ती म्हणाली, "विहिरीचं पाणी सगळेच पितात, पण मोठं माणूस एकही आजारी नाही. फक्त रांगणारी पोरं. आधी उलट्या, मग पाण्यासारखे जुलाब, रक्त नाही. हा पावसाळ्यातला जंतू नाही."

पावसाळ्यात घाण पाण्यातले जंतू मोठ्यांनाही सोडत नाहीत. थंडीत जोर असतो तो रोटा नावाच्या विषाणूचा. तो हातांवरून, भांड्यांवरून लहानग्यांच्या तोंडात जातो. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. अंगातलं गेलेलं पाणी भरून काढायचं, हाच उपचार. लसीचे थेंब असतात. पण पाचांतलं सर्वांत अशक्त, अकरा महिन्यांचं पोर थेंबांच्या वयात आईबरोबर वीटभट्टीवर होतं, त्याचे थेंब राहून गेले होते. त्याचे डोळे खोल गेले होते. सकाळपासून लघवी झाली नव्हती.

माझ्या पिशवीत ब्लीचिंग पावडर होती, पाण्यात घालून पाजायची मीठ-साखरेची ओआरएस पाकिटं नव्हती. पावसाळा संपला की साथीच्या औषधांची पेटी स्टोअरला परत जाते. मीच ती दिवाळीआधी पाठवली होती. त्यातली काही पाकिटं सुनंदाने घरी डब्यात लपवली, म्हणून तिच्यावर चिडलोही होतो. "थंडीतही पोरं हगतात," एवढंच ती म्हणाली होती.

आज ती तीच पाकिटं घेऊन आली होती. पण त्या अशक्त पोराची आजी ते पाणी पाजू देईना. पावसाळ्यात हीच म्हातारी मीठ-साखरेचं पाणी स्वतः करायची.

"थंडीचं पानी पाजलं तर पोर गारठंल, बाई. दात येतात त्याला. दात आले की थांबंल."

सुनंदाने वाद घातला नाही. पाणी उकळलं, कोमट होऊ दिलं, त्यात पाकीट विरघळवलं आणि वाटी-चमचा आजीच्याच हातात दिला. "बोट बुडवून बघा. गार आहे का?"

आजी चमचा-चमचा पाजत राहिली. उन्हं कलेपर्यंत लघवी झाली नाही तर जीपने जव्हारला न्यायचं ठरलं. जीपवाल्याला निरोपही गेला होता.

जीप यायच्या आधी आजी पुटपुटली, "लुगडं भिजवलं मेल्यानं."

सुनंदा हसली. मी बाहेर जाऊन उगाच विहिरीकडे बघत उभा राहिलो.

पाचही मुलं बरी झाली. हिवाळ्यासाठी पाकिटं ठेवावीत, असं मी वर लिहून पाठवलं. साथीचा हंगाम संपल्याचं उत्तर आलं. परतीची तारीख जंतूंना कुणी कळवत नाही, हे मी शिकलो. वर मात्र कुणाला शिकवू शकलो नाही.

सुनंदा जाऊन आता वर्ष होईल. मीही निवृत्त झालो. परवा नागलीच्या पिठाचा डबा घासायला काढला, तर तळाशी सात पाकिटं निघाली. मुदत उलटून गेलेली. टाकून द्यायला हवीत. अजून दिलेली नाहीत.