सारजाआत्याची हाक

"अजून वाक आत्या, आवाज पार बुडाला लागला पायजे!" मल्हार वरनं वरडत हुता आन् सारजाआत्या पाण्याच्या रिकाम्या काळ्या टाकीत उभी हुती. टाकीतलं शेवाळ खरवडून काढल्यालं, आत उतरायला प्लास्टिकचं स्टूल टाकल्यालं. आत्याच्या हातात मोबाईल, मोबाईलला माइक आन् माइकवर मल्हारच्या पायातला सॉक्स चढवल्याला. वाऱ्याचा फरफर आवाज येऊ नये म्हणून.

"सॉक्स धुतलाय न्हवं?" आतनं आवाज आला.

"धुतलाय की."

"कवा?"

मल्हारनं विषय बदलला. "आता पाण्याची हाक दे. लांब दे. दम संपंपतुर."

आत्यानं दिली. टाकी थरारली. शेजारच्या गोठ्यातली जर्सी गाय वैरण चघळायची थांबली. वर टाकीचं तोंड धरून उभा राहिल्याला मल्हारचा दोस्त संदेश कान दाबून खाली बसला.

"मला च्या पायजे," आत्या आतनं म्हणली. "आन् हितंच पायजे. सारखं चढउतार करायला मी काय पोरगी हाय का?"

सारजाआत्या मल्हारच्या बापाची थोरली बहीण. ऱ्हाती कऱ्हाटीत. एके काळी नवऱ्यासंगं मेंढरं घिऊन पार इंदापूरच्या माळापतुर हिंडल्याली बाई. आता ना नवरा, ना मेंढरं. गावातल्या शाळेत पोरांची खिचडी शिजवती. आन् तिचा आवाज म्हणजे गावाला पडल्यालं कोडंच. आत्या इंदापूरला भाचीला फोन लावायची तवा लोक म्हणायची, ह्या बाईला फोन कशाला लागतोय? शाळेची घंटा गंजून पडली, कुणी बसवलीबी न्हाय, कारण गरजच न्हवती. आत्या खिचडीच्या खोलीच्या दारात उभी राहून पाण्याची हाक द्यायची आन् झाडावर चढल्यालं पोरगंबी ताटली घिऊन हजर.

मेंढराला हाका लय, पण खऱ्या दोन. एक पाण्याची. ती खालनं वर चढत जाती आन् शेवटाला जीभ टाळूला लावून फिरकी घेती. तिचा अर्थ एवढाच, या, पाणी हाय, भेव न्हाय. दुसरी लांडग्याची. तुटक, टोचल्यासारखी. तिचा अर्थ, हला हितनं. इंदापूरच्या माळावर लांडगं अजून हायती, त्यामुळं ही हाक आत्यानं काय हौस म्हणून पाठ केली न्हवती.

आन् मल्हार? त्यानं डिप्लोमा अर्ध्यात सोडला. घरचे म्हणत्यात त्यानं सोडला, कॉलेजवाले म्हणत्यात आमी सोडला. आता बारामतीत भिगवण रोडला मोबाईलच्या दुकानात स्क्रीनगार्ड चिकटवतो. पण गडी रिकामा बसणारा न्हवं. त्यानं आन् माळेगावच्या संदेशनं मिळून एक गेम बनवायला घेतली. मारामारीची न्हवं, गाड्या पळवायची न्हवं. पडद्यावर एक चित्र असतं, त्यात बोट लावत जायाचं. पान्ह्याला बोट लावलं की पान्हा पिशवीत येतो, पान्हा व्हॉल्वला लावला की दार उघडतं, आन् चुकीच्या जागी बोट लावलं की तुमी मेला.

गेमचं नाव 'गाळप'. अंतराळात फिरणारा साखर कारखाना. पृथ्वीवरचं पाणी संपलंय म्हणून ऊस दुसऱ्या ग्रहावर लावलाय. पाणी संपलं पण ऊस संपला न्हाय, ह्ये संदेशला त्या गोष्टीतलं सगळ्यात खरं वाटायचं. तर त्या कारखान्यातली सगळी माणसं गायब, एकच कामगार उरलाय, आन् रसाच्या टाकीत कायतरी राहतंय. ते दिसत न्हाय. नुसतं हाक मारतं.

हाक कुणाची घ्यायची, ह्यावर मल्हारला डोकं खाजवावं लागलं न्हाय.

"जनावर कुठलं हाय रं त्यात?" आत्यानं टाकीत च्या पिता पिता इचारलं हुतं.

"अजून ठरलं न्हाय," मल्हार म्हणला. "पण मोठं हाय. मेन रोल तुझाच हाय आत्या."

खोटं न्हवं ह्ये. खरंबी न्हवं.

दुकानात बसून त्यानं हाका ऐकल्या. लांडग्याची हाक येग कमी करून हळू करून बघितली तर म्हातारं माणूस खोकतंय असं वाटायला लागलं. पाण्याची हाक हळू केली, वर टाकीचा घुमारा, आन् दुकानाच्या मालकानं अर्धं शटर खाली वढलं. मालक म्हणला, "बंद कर ती. गिऱ्हाईक पळंल." मल्हारला लय आनंद झाला. पुण्यात नव्या पोरांच्या गेमांचं प्रदर्शन भरणार हुतं. तितं निवड झाली तर स्क्रीनगार्ड चिकटवायचं सुटणार हुतं, निदान त्याला तसं वाटायचं.

पुण्याला न्यायच्या आदी कुणीतरी खेळून बघायला पायजे. मल्हार लॅपटॉप आन् स्पीकर घिऊन कऱ्हाटीच्या शाळेत गेला. गुरुजींनी परवानगी दिली, कारण मल्हारनं सांगितलं की ह्यात विज्ञान हाय.

पयला नंबर तिसरीतल्या श्रेयाचा. मल्हारनं समजावलं, "हाक आली की पळायचं. त्या लोखंडी कपाटाला बोट लावायचं आन् लपायचं. कळलं?"

"कळलं."

श्रेयानं पान्हा उचलला, दार उघडलं, शिडी उतरली. अंधार. थेंब पडल्याचा आवाज. आन् मग टाकीतनं ती हाक आली.

सगळा वर्ग श्रेयावर वरडला. "जा की लवकर! जा! लोणचं संपंल!"

श्रेयानं सरळ टाकीला बोट लावलं. पडदा लाल. एक वलं, गुलाबी तोंड. संपला खेळ. पोरं बेंबीच्या देठापासनं किंचाळली आन् मग हसून हसून बाकाखाली पडली. दुसरा गडी बसला. हाक आली, त्यो पण टाकीकडंच. तिसरा पण. वर्गातलं झाडून सगळं पोरगं एकाच जागी मेलं.

"ही पोरं येडी हायती का रं?" संदेशनं हळूच इचारलं. मल्हारला कळत चाललं हुतं.

तेवढ्यात सारजाआत्या हातात वाढायचा डाव घिऊन दारात आली. डावाला खिचडी चिकटल्याली.

"ह्यो माझा आवाज हाय," ती म्हणली. तोंड भरून हसत हुती. "आईशपत, माझाच हाय!"

"व्हय आत्या. ये, बस."

आत्या बसली न्हाय. उभ्या उभ्या पडदा बघत राहिली. पुन्हा श्रेयाचा नंबर आला. हाक आली. बोट टाकीला लागलं. पडदा लाल.

"त्यो माणूस कुठं गेला?" आत्यानं इचारलं.

"खाल्ला," मल्हार म्हणला.

"कुणी?"

मल्हार लॅपटॉपची वायर सरळ करायला लागला. श्रेयानंच मान वळवून सांगितलं, "तुमीच की, सारजाआजी."

आत्याचं हसू एकदम गेलं न्हाय. तोंडावर राहिलं तसंच, नुसतं आतनं रिकामं झालं. ती वळली आन् खिचडीच्या खोलीत गेली.

मल्हार मागनं गेला. आत्या पातेल्याला तळाशी लागल्याली खरपुडी खरवडत हुती, उगाच, जोरजोरात.

"आत्या, गेम हाय ती. खरं कुणी मरत न्हाय."

"मग हाक खरी कशाला घेतली? खोटी घ्यायची हुती."

"खोटीचं भेव वाटत न्हाय कुणाला."

"माझ्या हाकेचं भेव वाटतं व्हय?" आत्यानं डाव खाली ठेवला. "ऐक. माझ्या सासऱ्यानं हाक शिकवायच्या आदी मला एक गोष्ट शिकवली. मेंढरू विकायचं, कापायला द्यायचं, तर त्याला हातानं धरायचं. दावं लावून वढत न्यायचं. लाथा झाडू दे, वरडू दे, त्याचा हक्क हाय त्यो. पण पाण्याच्या हाकेनं बोलवून न्यायचं न्हाय. ज्या हाकेला ते पाणी प्यायला आलंय, त्या हाकेनं त्याला सुरीखाली न्यायचं न्हाय. एकदा केलं की हाक मेली. मग घसा फाडून घ्या, कुणी येत न्हाय."

"अगं पण..."

"तू शिकल्याला हायस, मल्ह्या. मला ह्यातलं कळत न्हाय. जा तुझं काम कर."

मल्हारला आयुष्यात पयल्यांदाच कुणीतरी शिकल्याला म्हणलं हुतं, आन् ते असं.

दोन दिसांनी त्यो परत शाळेत गेला. निमित्त काढलं हुतं, राक्षस मरतानाचा आवाज रेकॉर्ड करायचा राहिलाय म्हणून. जेवणाची येळ. आत्या दारात आली आन् तिनं पाण्याची हाक दिली.

ग्राउंडावरची पोरं क्षणभर थांबली. आन् मग "आलीऽऽ!" करून सगळी उधळली. कोण लिंबाच्या मागं, कोण भिंतीपल्याड, कोण संडासात कडी लावून बसलं. मजा म्हणून. खिदळत हुती सगळी. आत्यानं पुन्यांदा हाक दिली तशी अजून लांब पळाली.

तिसऱ्यांदा तिनं दिलीच न्हाय. आत जाऊन ताटली आणली आन् डावानं बडवली. ठण ठण ठण. मग पोरं आली.

"काय चुकलं त्यांचं?" आत्या मल्हारकडं न बघता वाढत म्हणली. "पळायचं शिकवलं, शिकली."

मल्हार गाडीवरनं सरळ बारामतीला आला. दुकानात पोचल्यावर त्यानं संदेशला सांगितलं, "राक्षसाची हाक बदलायची."

"टाळकं फिरलंय का? पुण्याला जायाचंय आपल्याला! त्या हाकेवर तर गेम हाय सगळी!"

"बदलायची म्हणलं ना."

"कशापायी?"

"आत्यापायी."

"आत्या बघणार हाय व्हय पुण्यात येऊन?"

"म्हणूनच बदलायची," मल्हार म्हणला.

सारजाआत्या पुन्यांदा टाकीत उतरली. ह्या टायमाला सॉक्स तिनं सवता धुऊन घेतला हुता. लांडग्याची हाक ताज्या दमानं दिली आन् मल्हारनं ती हळू न करता तशीच ठेवली. राक्षस आता यायच्या आदी ती हाक मारायचा. आन् पाण्याची हाक मल्हारनं कारखान्यातल्या पंपाच्या खोलीत लावली. त्या खोलीत नळ हाय, उजेड हाय आन् तितं राक्षस येत न्हाय. जो त्या हाकेला जाईल त्यो वाचंल.

संदेशनं कपाळावर हात मारला. "राक्षस सवता सांगून येणार, पळा मी आलो म्हणून. आन् वाचायची जागा हाक मारमारून बोलावणार. ह्याला हॉरर म्हणायचं? ह्ये तर पंचायत समितीचं मार्गदर्शन शिबिर झालं!"

मल्हारनं नवी गेम शाळेत नेली. पोरं खेळली. लांडग्याची हाक आली की पळायला लागली, पाण्याची आली की धावत पंपाच्या खोलीत. एकबी मेलं न्हाय, त्यामुळं त्यांना लय कटाळा आला. जेवणाच्या येळंला आत्यानं दारात येऊन हाक दिली. पयली दोनच पोरं आली, ती बी बघत बघत.

"दोन तर दोन," आत्या म्हणली आन् त्यांना लोणचं जास्तीचं वाढलं. ते बघून बाकीची आली. लोणच्यापुढं राक्षस काय करतोय.

पुण्याच्या प्रदर्शनात गेम घेतली खरी. तितल्या थंडगार हॉलात एक चष्मेवाल्या बाई बराच येळ खेळल्या आन् म्हणल्या, "हा राक्षस स्वतःच स्वतःला घाबरतो, हो ना? फार धाडसी विचार आहे."

"व्हय," मल्हार म्हणला.

"ही कल्पना कुठून सुचली?"

"खिचडीच्या खोलीतनं."

बाईंनी ते लिहून घेतलं. बक्षीस मिळालं न्हाय. टीशर्ट मिळाला, त्यो संदेशला घट्ट झाला. गेम नेटवर फुकट टाकल्याली, तरी एका गड्यानं खाली लिहिलं की राक्षस सांगून येतो, माझे पैसे परत द्या. मल्हार अजून स्क्रीनगार्ड चिकटवतो. आत्याला टाकीत उतरवून काय मिळवलंस, असं कुणी इचारलं तर त्यो स्क्रीनगार्डखालचा बुडबुडा जात नसल्यासारखा काचंवर कार्ड घासत बसतो.

बऱ्याच दिसांनी दुकानात टेम्पोवाला दत्तोबा आला, मोबाईलची काच फुटली म्हणून. गप्पांच्या नादात त्यानं आत्याचं इचारलं. मल्हारनं गेमची गोष्ट सांगितली, हाकेची, सासऱ्याच्या शिकवणीची, सगळी, आन् सांगताना त्याची छाती फुगली हुती.

दत्तोबानं टोपी काढून काउंटरवर ठेवली. मग म्हणला, तिची मेंढरं विकली तवा टेम्पो माझाच हुता. कापायला घेणारा यापारी आल्याला, ऊन तापल्यालं, एकबी मेंढरू फळीवर पाय ठेवंना. यापाऱ्याच्या माणसांनी कान धरून वढली, शेपट्या पिरगाळल्या, काठ्या हाणल्या, दोन मेंढरांच्या तोंडातनं रगत आलं. सारजाबाई बघत हुती. मग तीच टेम्पोत चढली, पुढं केबिनला पाठ लावून उभी राहिली आन् तिनं पाण्याची हाक दिली. सगळी एकामागं एक चढली, शेवटचं कोकरूबी.