एक डोळा झाकून

पठारावरच्या वाऱ्याने आमच्या गावात सर्वांचेच डोळे लाल असतात. त्यामुळे निवृत्त शिक्षिका एर्मेलिंदा चोके लाल डोळा, ठणकणारे डोके आणि उलट्या घेऊन दवाखान्यात गेल्या, तेव्हा डॉक्टर विल्मर यांनी वाळवलेले बटाटे बाधले असे ठरवून पोटाचे औषध दिले. ला पाझ शहरातल्या मोठ्या इस्पितळात काचबिंदू निघाला, तोवर उजवा डोळा गेला होता. डावाही जपायचा होता.

परतताच त्या डॉक्टरांसमोर, म्हणजे आपल्याच जुन्या विद्यार्थ्यासमोर, बसल्या.

"एकेक डोळा झाकून का नाही पाहिलंस?"

"बाई, कॉलेजात डोळ्यांना एकच आठवडा होता. त्यातही संप."

"आणि विचारायलाही संप होता?"

डॉक्टरांनी मान खाली घालून बाईंचा उजवा डोळा तळव्याने झाकला. "आता काय दिसतं?"

"तुझी मान. वर कर, आणि बाहेर बसलेल्या पेशंटांनाही असंच तपास."