दाजी आणि सामायिक कोठार

आमच्या भावकीत आजवर एकच युद्ध झालं, आणि ते गव्हावरून झालं. गहू नव्हताच, ही गोष्ट वेगळी!

तो गहू होता कॉम्प्युटरमध्ये. नवं शतक उजाडून काही वर्षं झाली होती. मी आमच्या गावाहून, साखऱ्याहून, हिंगोलीला कॉलेजसाठी आलो होतो आणि कॉलेज सोडून बाकी सगळीकडे जात होतो. डेपोजवळच्या इंटरनेट कॅफेत एक खेळ चालायचा. प्रत्येकाला एक गाव मिळायचं. लाकूड, माती, गहू जमवायचा, लष्कर पाळायचं आणि शेजाऱ्याच्या उरावर बसायचं. (म्हणजे गावाकडे जे चालतं तेच, फक्त इथे डोक्यावर पंखा होता.) एका युतीचा प्रधान मी, दुसरीचा माझा चुलतभाऊ रम्या. आम्ही शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसायचो, पण तहाची बोलणी मात्र खेळातल्या निरोपांतूनच करायचो. राजकारणात तोंडी काही चालत नाही!

दोन्ही युत्यांचं मिळून एक सामायिक कोठार होतं. नवखे गडी यायचे, त्यातला गहू उचलायचे आणि पसार व्हायचे. म्हणून मी तहात एक कलम घुसवलं: ज्याने आपल्या गावाला तटबंदी बांधलेली नाही, त्याला कोठारातला एक दाणाही मिळणार नाही. रम्या नको म्हणत होता. मी त्याला इतकं पिडलं, की शेवटी त्याने मला गप्प करायला होकार दिला.

आणि मग नवखे म्हणून आमचे दाजीच आले.

दाजी म्हणजे ताईचे नवे कोरे मालक. लग्न त्याच उन्हाळ्यात झालेलं. ते हळदीच्या आडतीवर कामाला होते आणि संध्याकाळी तसेच पिवळेधमक कॅफेत यायचे. (त्यामुळे त्यांचं नवरदेवपण काही केल्या उतरत नव्हतं.)

"दिलीपराव, थोडा गहू लागून राहिला," दाजी म्हणाले.

"दाजी, तुमची तटबंदी न्हाई. नियम हाय."

"बराबर हाय," असं म्हणून दाजी उठले आणि निघून गेले.

जावई 'बराबर हाय' म्हणून उठला, की सासुरवाडीच्या छातीत धस्स व्हायला पाहिजे. मला काही झालं नाही, कारण मी तेव्हा प्रधान होतो.

दुसऱ्या दिवशी कॅफेच्या दारात आमचे वडील, अण्णा, उभे! धोतर, पटका, हातात पिशवी, पहिल्या एस.टी.ने आलेले. पोरांना वाटलं, कुणाच्या तरी घरी काहीतरी वाईट झालं. तसं ते झालंच होतं.

"ताईचा फोन आलता. तू जावयाला कोठारातला गहू न्हाई दिला म्हनं. जावई नागपंचमीला येत न्हाईत म्हनून राहिले," अण्णा गरजले. "तिलाबी धाडीत न्हाईत. 'जिथं आपल्याला कोन इचारत न्हाई, तिथं काहून जायचं?' म्हनतेत. लगनानंतरची पयली पंचमी हाय लेकराची! माय तिची रडून राहिली!"

"अण्णा, तो खेळातला गहू हाय. खोटा हाय!"

"गहू खोटा असंल. जावई खरा हाय ना?"

खरं सांगायचं, तर ताई झोक्याविना सासरी बसणार, हे मलाही बघवेना.

"कोठार कुठं हाय ते?" अण्णा शेजारच्या फिरत्या खुर्चीवर बसले. खुर्चीने त्यांना आधी भिंतीकडे फिरवलं, मग माझ्याकडे. मी पडद्यावर बोट ठेवलं.

"एवढंच व्हय? उघड."

"रम्याला इचारावं लागंल. त्याच्याबरोबर तह हाय."

"त्याला काय इचारायचं? घरचाच हाय."

मी उघडलं. थोडा गहू पाठवून थांबणार, तर अण्णा खेकसले, "आजून टाक! जावयाला कोनी मोजून देत असतेत का?" कोठार पार झाडून निघालं. मग माझ्या स्वतःच्या गावातला गहूही अण्णांच्या देखरेखीखाली रवाना झाला.

पंचमीला दाजी साखऱ्यात हजर! ताई झोक्यावर, आई चुलीपाशी, अण्णा कृतकृत्य. पंगतीला रम्याही आला, माझ्याशेजारी बसला आणि पुरणाच्या दिंडावर तूप ओढत शांतपणे म्हणाला, "लष्कर निघालंय तुझ्या गावावर. दुपारी पोचंल."

"आरं, काहून?"

"ताई माझी बहीन न्हाई का? जावयाला गहू द्यायचा, तर मला काहून न्हाई इचारलं? माझ्याबी हातून मान झाला असता!"

"चुकलं, बाबा! माघारी बोलव लष्कर!"

"कसं बोलवू? कॅफे हिंगोलीला, मी दिंडाच्या ताटावर!"

इकडे माझं लष्कर गव्हाविना उपाशी, तिकडून रम्याचं पोटभर जेवून दौडत येतंय. मी उठायला गेलो. "खाली बस! जावई जेवून राहिले!" अण्णा म्हणाले. पुन्हा अर्धा उठलो, पुन्हा बसलो. दाजी मात्र एकेक दिंड असं सावकाश फोडत होते, जणू आत पुरण आहे की नाही याची त्यांना खात्री नव्हती.

"आजून एक वाढू का?" आई विचारायची.

"वाढा," दाजी म्हणायचे, आणि माझी एक तुकडी पडायची.

"दिल्या, चुळबुळ काहून करून राहिला?" आई म्हणाली. "पोट बिघडलं का?"

मी हिंगोलीला पोचलो तेव्हा माझ्या गावाच्या जागी मोकळं रान होतं. खेळाने मला पुन्हा नवखा म्हणून एक झोपडी दिली. पुढच्या आठवडाभरात माझ्याच गव्हावर दाजींचं गाव एवढं फुगलं, की दोन्ही युत्यांनी मिळून त्यांनाच प्रधान नेमलं. नाव रम्याने सुचवलं. (मान करायची संधी या खेपेला तो सोडणार नव्हता!)

मी दाजींच्या खुर्चीपाशी गेलो. "दाजी, थोडा गहू..."

"तटबंदी हाय का?"

"न्हाई."

"दिलीपराव, कलम तुमचंच हाय," दाजी म्हणाले. "लई चांगलं लिवलंय."

"बराबर हाय," मी म्हणालो आणि उठलो. रुसावं कसं, हे दाजींकडून शिकलोच होतो. मिळेल त्या एस.टी.ने घर गाठलं आणि ताटावर बसायच्या वेळी आईला ठणकावून सांगितलं, "मी जेवनार न्हाई!"

मला वाटलं, आता आई रडेल आणि अण्णा पटका बांधून हिंगोलीला निघतील.

आईने माझ्या ताटातली भाकरी उचलून अण्णांच्या ताटात ठेवली आणि म्हणाली, "बरं झालं. आज पीठ कमीच व्हतं."