दोन वेळचं जेवण

आमच्या भागात बीटी कपाशी आली, त्यानंतरच्या काही वर्षांतली ही गोष्ट. वडनेर भोलजीच्या पलीकडे एका गावात मी शिक्षिका होते. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांच्या पाहणीचं काम आम्हा शिक्षकांकडे आलं. घरोघरी जायचं, प्रश्न विचारायचे, उत्तरांना गुण द्यायचे. गुण जास्त भरले की कुटुंब यादीबाहेर.

गावाच्या टोकाला एक कापूस वेचणारी बाई राहायची. नवरा वारलेला, पदरी तीन मुली. मी गेले तेव्हा तिने घाईघाईने चांगलं लुगडं नेसलं आणि माझ्यासाठी बाज टाकली. मुली माझ्याच शाळेतल्या. तिघी दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"दोन वेळचं जेवण होतं का?" मी विचारलं.

"होते ना बाई. काऊन नाई होणार?"

मी लिहून घेतलं आणि पुढच्या घरी गेले.

यादी लागली, त्यात तिचं नाव नव्हतं. स्वस्त धान्य बंद झालं. ती शाळेत आली, वर्गाबाहेर उभी राहून म्हणाली, "बाई, तुमी तं मले श्रीमंत करून टाकलं."

"तुम्हीच तसं सांगितलंत." माझा आवाज चढलाच.

"पोरी समोर होत्या. त्याइच्या समोर कसं सांगू, का माय पाणी पिऊन झोपते म्हणून?"

ती बोलत राहिली. पूर्वी शिवारात ज्वारी असायची. कापणी-सोंगणीला गेलं की मजुरीत ज्वारीच मिळायची, घरात एखादं पोतं उभं राहायचं. आता या बांधापासून त्या बांधापर्यंत कपाशी. वेचणी सरली की हाताला काम नाही आणि घरात दाणाही नाही.

मी तिच्या नावाने अर्ज लिहिला. तहसील कचेरीत म्हणाले, ग्रामसभेचा ठराव आणा. म्हणून आम्ही दोघी ग्रामसभेला गेलो.

"बाई, फॉर्मवर सही तं तुमचीच हाय," सरपंच म्हणाले.

"माझीच आहे. मी चुकीचं लिहिलं, म्हणूनच इथं उभी आहे."

मागे कुणीतरी हसलं. तशी ती उठली. त्या सभेत ती आधी कधी बोलली नव्हती.

"हसा. पण पह्यले माह्या घरी चला अन् डबे उघडून पाहा. आत्ताच चला."

कुणी जागचं हललं नाही. मग वेचणीच्या आणखी दोघी उभ्या राहिल्या. "आमच्याबी घरी या," म्हणाल्या. ठराव तिघींसाठी झाला आणि त्या दोघींचेही अर्ज मी लिहिले.

फेरचौकशीला साहेब आले, त्याआधीच मी तिच्या मुलींना शाळेत बोलावून घेतलं होतं. तिने साहेबांच्या डोळ्यांत पाहून एकेका प्रश्नाचं खरं उत्तर दिलं. पुढे बऱ्याच खेपा घातल्यावर तिचं नाव यादीत आलं, त्या दोघींपैकी एकीचंही आलं. दुसरीचा अर्ज कचेरीत गहाळ झाला. तो आम्ही पुन्हा दिला, आणि दाद लागेना तेव्हा पुन्हा एकदा.

स्वस्त धान्याने गरिबी हटली असं मी म्हणणार नाही. पण दिवाळीआधी ती मला भेटली आणि म्हणाली, "यंदा मोठीले वेचणीले नेत नाई मी. तिचं नाव कापू नका."

मोठी तेव्हा सातवीत होती. वेचणीच्या दिवसांत दरवर्षी तिच्या हजेरीत खाडे पडायचे. त्या वर्षी एकही पडला नाही.